फळा वाळतो तेव्हा

मे महिन्याची भर दुपार. मी दारापुढच्या माठात पाणी ओतायला बाहेर आले. अंजनगावच्या स्टँडसमोर माझं घर, अन् त्याच्या भिंतीवर सूर्यभानचा फळा. सूर्यभान अमरावतीच्या एका पेपरचा बातमीदार. प्रत्येक बातमी छापण्याआधी साहेबाला दाखवायची, असा सरकारचा हुकूम निघाला, अन् पेपरात नुसती लग्नं आणि हवामान उरलं. मग कापलेल्या बातम्या तो इथं खडूनं लिहू लागला. मीच म्हटलं, लिही. भिंत माझी आहे. शाळेत मी गेले नाही, अक्षरं घरीच शिकले, पण काय वाचायचं ते मला कोणी शिकवू नये.

कोठडीत मेलेल्या एका माणसाची बातमी त्यानं लिहिली. त्याच दिवशी सरकारी जीप आली, त्याला अकोल्याला घेऊन गेली. त्याची बायको जमुना विचारायला गेली तर म्हणाले, केव्हाच सोडला.

साहेबाचा शिपाई प्रीतम रोज येऊन ओल्या फडक्यानं फळा पुसायचा. सूर्यभानला नेल्यावरही हुकूम तोच; त्या दुपारीही पुसून सावलीत टेकला. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. ओल्या खडूचा वास तेवढा दरवळत होता. फळा वाळू लागला तशी अक्षरं वर आली. पुसलेला खडू वाळल्यावर दिसतोच, म्हणून मी आधी मनावर घेतलं नाही. मग वाचलं. वळण सूर्यभानचं, बातमी नवी. अकोला रोडवर कापसाच्या पडक्या जिनिंगमागं विहीर आहे. आत सूर्यभान आहे. त्याला मारणाऱ्याचं नाव...

पुढं नुसतं काळं.

प्रीतमनं पुन्हा पुसलं. वाळलं, पुन्हा तेच.

"आजी," तो हळूच म्हणाला, "मी पुसून राहिलो... थो लिवून राहिला."

मी खडू घेतला अन् अक्षर न् अक्षर गिरवलं. एसटीतून उतरलेल्या लोकांनी वाचलं, विहिरीवर गेले. जमुनानं त्याला चपलेवरून ओळखलं. साहेबानं फळा उचलून नेला. कोणी मारलं ते कोणालाच ठाऊक नाही म्हणे. नाव समजल्याबिगर मी कुकू पुसत नाही, असं जमुना सांगते.

काल प्रीतम आपला धुतलेला खाकी शर्ट घेऊन आला. घरच्या दोरीवर टाकायची त्याची छाती होईना. माझ्या दोरीवर टाकला. वाळत गेला तशी पाठीवर पांढरी अक्षरं उमटली. विहिरीची बातमी, सगळी. नावापाशी शर्ट ओला होता.

आज डोळे उघडवत नाहीत असं ऊन आहे. शर्ट पापडासारखा कडक झालाय. तेवढी एक जागा ओलीच. प्रीतम समोर उकिडवा बसलाय, तिकडं पाहत नाही.

"वाळलं का, आजी...?"

"नाही. बस."