चित्र अडकलं नव्हतं

मायक्रोस्कोपचा कॅमेरा दुरुस्त झाला तर फायदा तिचा होता, बिघडलेलाच राहिला तर त्याचा. तिला सोमवारी मार्गदर्शक मॅडमना व्हिडिओ दाखवायचा होता. नाही जमलं तर संशोधनाचा विषय बदला, म्हणजे दोन वर्षं पाण्यात. आणि त्याला काय, तक्रार गेली की लॅबमध्ये यायला मिळायचं. एरवी दुरुस्तीला कंपनीचा दुसराच माणूस येई. तो आजारी पडला म्हणून हा आला, आणि तो खडखडीत बरा झाला तरी हाच येत राहिला. तिच्या हे लक्षात आलं नव्हतं असं नाही. तिनं फक्त विचारलं नव्हतं.

"आता काय झालं?" त्यानं बॅग टेकवली.

"तुमची कृपा. रेकॉर्डिंग मध्येच तुटतंय."

"कृपा कमी पडली वाटतं. म्हणून तर परत आलो."

मायक्रोस्कोपखालच्या काचेच्या थाळीत तिचे प्राणी होते. तिळाएवढे, कागदासारखे चपटे. त्यांना तोंड नाही, मेंदू नाही, अंगात संवेदना नेणारी एक नस नाही. टेबल जरा हादरलं तरी बिचकतील म्हणून ती शेवाळाचा थेंब घालून बाहेर जायची आणि नंतर व्हिडिओ बघायची. आज तो होता, म्हणून थांबली.

"नसाच नाहीत, तर शेवाळ सापडलं हे यांना कळतं कसं?"

"पेशी एकमेकींना निरोप देतात. प्रथिनाचा चिमुकला तुकडा बाहेर सोडायचा. जिला पोचला, ती समजली. नसा फार नंतर आल्या, निरोप आधीचे. आपल्या डोक्यात अजून त्याच जातीचे निरोप फिरतात."

"म्हणजे डोकं नसलं तरी भागतं. आई माझी उगाच काळजी करते."

हसू लपवायला तिनं थाळीत थेंब सोडला. पडद्यावर चपटे घसरत होते. एक शेवाळापाशी थांबला. मग त्याच्या शेजारचा… मग त्याच्याही पलीकडचा. पडद्यावर सगळं निश्चल झालं, आणि तेवढ्यात रेकॉर्डिंग तुटून नव्यानं सुरू झालं.

त्याचा चेहरा उतरला.

"एक सांगायचंय… रागावणार नाही ना?"

"ते ऐकून ठरवते."

"मागं भिंग पुसायला आलो, तेव्हा चित्र असंच थांबलेलं दिसलं. वाटलं, कॅमेरा अडकतोय. म्हणून सोय करून ठेवली — चित्र हललं नाही की रेकॉर्डिंग आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू व्हावं. म्हटलं, तुमचा तेवढाच त्रास वाचेल."

"चित्र अडकलं नव्हतं," ती सावकाश म्हणाली. "ते थांबले होते. निरोप पोचून सगळे थांबतात, मला तेच तर दाखवायचं होतं… आणि मी, हे थांबतच नाहीत म्हणून, या बिचाऱ्यांना नावं ठेवत बसले."

"मला ठेवा."

"ठेवीन सवडीनं. आधी तुमची सोय काढा."

त्यानं ती काढली. नवी थाळी लावून दोघं टेबलाला कोपरही न लावता, श्वास रोखून बसले. एक थांबला. मग सगळे थांबले. या वेळी काही तुटलं नाही.

"त्या कडेच्याला तर शेवाळ मिळालंच नाही," तो कुजबुजला. "तरी थांबला. काही कारण नसताना."

"कारण होतं की. शेजारी."

तो पडद्याकडे बघत राहिला, ती त्याच्याकडे. मग त्यानं बॅग भरायला घेतली — चार स्क्रूड्रायव्हर ठेवायला कोणाला इतका वेळ लागत नाही.

"आता तक्रार यायची नाही."

"नाही."

"म्हणजे… चांगलंच झालं."

तिच्या मनात आलं, हा गुपचूप बसला असता तर कोणाला कळलं असतं? उद्या परत रेकॉर्डिंग तुटलं असतं, परत हाच आला असता. यानं आपल्या हातानं आपली वाट मोडली होती, आणि वर शरमलाही होता.

"मंगळवारी या," ती म्हणाली.

"काय बिघडणारे?"

"काही नाही. सोमवारी मॅडमना दाखवून झालं की कोणाला तरी सांगावंसं वाटेल… कोणाला तरी नाही. तुम्हालाच."

त्यानं बॅग पुन्हा खाली ठेवली.

सोमवारी मॅडमनी विषय राहू दिला. मंगळवारी तो बॅगेशिवाय आला. तर यात कोणाचं काय गेलं? चपट्यांचं काही नाही, त्यांना पोटभर शेवाळ मिळालं. त्याचं यायचं निमित्त गेलं. तिचं मात्र आधी न बोलण्याचं मानीपण गेलं, आणि ते इतक्या चांगल्या कामी खर्ची पडलं म्हणून ती त्या बिननसांच्या जिवांचे आभार अजून मानते.