मागचा उजेड

शिवम, ती मोबाइलची बत्ती आधी माझ्या डोळ्यावरून काढ. हां. उद्या पहाटं तुम्ही पोरं भरतीचं पळायला शेंद्र्याच्या रस्त्याला जाणार, म्हणून सांगतो. नायतर रात्रीचं असलं काही मी बोलत नसतो. लोहमार्ग पोलिसात जल्म काढला, रुळावरची मढी रात्र रात्र राखली, पण कधी भ्यालो नाय. हे ऐकलं तव्हा मात्र लेकरावानी रडलो. अन् ऐकीव गप्पा नाय बरं का. कडुबा माझा शेजारी व्हता. त्याची बायको गीताबाई अजून हाय, जाऊन विचारा.

तर कडुबा एके दिवशी सांजच्याला करमाडला गेला व्हता, गाडीच्या पुढल्या दिव्याचा बल्ब बदलायला. माघाचा महिना, थंडी मरणाची. जुना बल्ब मिणमिण करायचा अन् ह्याला लख्ख उजेड पाहिजे व्हता. कशापायी? तर लेकीपायी. अपेक्षा तिचं नाव.

ही पोर लहानपणी संभाजीनगरच्या स्टेशनात हरवली व्हती. गर्दीत बापाचा हात सुटला. रेल्वेतल्या एका पोलीसबाईनं तिला बाकड्यावर बसवलं, बिस्किटाचा पुडा दिला, अन् बाप सापडेस्तोर तिचा हात काही सोडला नाय. तव्हापासून पोरीचं एकच टुमणं, "अण्णा, मी रेल्वेतली पोलीस व्हणार." कडुबा कंपनीत माल चढवायचा, पाठ मोडून घरी यायचा. पण पोरीला कधी नाय म्हणला नाय.

पहिल्या भरतीत पळताना ती जोरात व्हती. शेवटाला आली अन् काय बुद्धी झाली, मागं वळून बघितलं, बाकीच्या कुठवर आल्यात म्हणून. पाय अडखळला, वेळ गेला, मार्क हुकले. घरी येऊन पोर जेवली नाय. कडुबा तिच्या ताटापुढं बसला अन् म्हणला, "बाई, आजपासून आपल्या घरात एकच कायदा. पळताना मागं बघायचं नाय. आभाळ कोसळू दे. मागं मी हाय ना!"

मग रोज पहाटं, कंपन्यांच्या बसा सुरू व्हायच्या आधी, ती पुढं अन् हा मागून गाडीवर. मागून उजेड पडला की तिची सावली लांबच लांब रस्त्यावर पडायची. ती सावलीच्या मागं पळायची अन् हा वरडायचा, "धर तिला! सुटली बघ, सुटली!" मधीच चेष्टेनं दिवा बंद करायचा, पोरगी मागं बघती का म्हणून. ती नाय बघायची. बापलेकीचं हसू आमच्या अंगणात ऐकू यायचं. मी पांघरुणातून शिव्या घालायचो, झोप मोडती म्हणून. आता ती झोप नको वाटती.

नवा बल्ब टाकला त्याच्या दुसऱ्या दिवशीची पहाट. उजेड असा की खडा न् खडा दिसावा. अपेक्षा म्हणली, "अण्णा, आज तर तुम्ही दिवसच उगवून आणला!" अन् निघाली. पाण्याच्या टाकीजवळ आली तव्हा मागं काहीतरी वाजलं. अन् सावली गेली. तिला वाटलं, झाली अण्णाची चेष्टा सुरू. हसली ती. कंपनीच्या फाटकापोतर तशीच पळाली, अंधारात, जीव तोडून. तिथं उभी राहून म्हणली, "बघा, नाय बघितलं मी मागं!"

कोणीच बोललं नाय.

बिगरदिव्याचा टेम्पो व्हता कोणाचा तरी. मागून ठोकलं अन् तसाच माघारी वळून पळाला. ती माघारी आली तव्हा कडुबाच्या अंगात थोडी धुगधुगी व्हती. दवाखान्यात नेस्तोर तीही विझली. पोरीनं डॉक्टरला विचारलं, "मी लगेच वळले असते तर?" डॉक्टर आपला कागद लिहीत राहिला. त्या माणसानं खोटं का व्हईना, "काही फरक पडला नसता" एवढं तरी म्हणायला पाहिजे व्हतं.

पोरीनं बूट माळ्यावर टाकले. गाडी पोलीस ठाण्यातून घरी आली ती मोडूनच. दिव्याची काच फुटलेली, बल्बचा चुरा, बॅटरी काढलेली. गीताबाईनं ती शेडात लावली अन् वरून ताडपत्री टाकली. पुन्हा कोणी तिकडं बघितलं नाय.

आषाढात मैदानाची तारीख आली. पोरगी म्हणती, "आई, मी नाय जाणार. माझ्या पळण्यानं अण्णा गेले." गीताबाई कधी आवाज चढवत नाय, त्या दिवशी चढवला. "त्यांनी थंडीत गाडी काढली ती काय तू चुलीपुढं बसावं म्हणून?" माळ्यावरचे बूट काढून तिच्यापुढं आदळले अन् स्वतःच हमसून हमसून रडली.

तारीख बुधवारची. मंगळवारची पहाट, अमावस्या. अपेक्षा एकटीच निघाली. अंधार असा की हाताला हात दिसंना. पाय उचलंना. चार पावलं पळायची, थांबायची. रस्त्याच्या मधोमध उभी राहून म्हणली, "अण्णा, मला नाय व्हत."

तेवढ्यात पुढं सावली पडली.

तिचीच. लांब. काळीभोर.

मागून उजेड येत व्हता... गाडीचा आवाज नाय. पाचोळ्याचा आवाज नाय. नुसता उजेड.

तिच्या अंगावर काटा आला. पण पाय? पाय आपोआप सुटले. ती पळाली, सावली पळाली. उजेड मागं मागं. एकदा हळूच म्हणली, "अण्णा?"

...

टाकी आली.

अन् उजेड गेला.

तिथंच. त्याच जागी.

पोर थांबली. कायदा बापाचा, मागं बघायचं नाय. पण मागच्या वेळी हाच कायदा पाळला व्हता तिनं...

ती वळली.

काही नव्हतं. अंधार. टाकीचं पाणी ठिबकत व्हतं, टप... टप... ती चाचपडत माघारी आली. कडुबा पडला व्हता तिथं डांबरावर बसली. हात टेकवला. म्हणली, "अण्णा, वळले मी. आज लगेच वळले. त्या दिवशी मला कळलंच नाय वो..."

किती वेळ बसली, तिलाच ठावं नाय.

मग डांबर हळूहळू उजळलं.

पुन्हा मागून. पण आता कंपनीच्या बाजूनं. सावली पडली ती गावाकडं... घराकडं.

तिला उमगलं. घरी जा म्हणतोय बाप.

ह्या बारीला ती वळली नाय. उठली. डोळ्याला धार, अन् पळाली. तशी ती ना आधी पळाली ना नंतर. दारात पोचली, कडीला हात घातला...

सावली गेली.

बुधवारी मैदान मारलं तिनं. आता स्टेशनात ड्युटीला हाय, तुम्ही बघितलंय तिला. हरवलेलं लेकरू सापडलं की त्याचा हात धरून बसती, आईबाप येस्तोर चहालासुद्धा उठत नाय. पण रात्रीची गाडी मागून आली, इंजिनाचा उजेड पाठीवर पडला अन् तिची सावली फलाटावर लांबली की बोलता बोलता गप व्हती. गाडी जाईस्तोर तशीच उभी. मागं बघत नाय. मी ह्या डोळ्यांनी बघितलंय.

काय रे, उठले लगेच? बसा. एक राहिलं.

त्या मंगळवारी दिवस उगवायच्या आत गीताबाई शेडात गेली, सरपण आणायला. गाडीवरची ताडपत्री खाली पडली व्हती. तिला वाटलं, वाऱ्यानं. उचलायला वाकली अन् तशीच राहिली. गाडीच्या पुढल्या दिव्याखाली भुईवर पाखरं पडली व्हती. पावसाळ्यात रात्री बत्तीखाली पडत्यात ना, तसली. पंख करपलेली, ढीगच्या ढीग.

बल्ब नाय. बॅटरी नाय.

अन् काही पाखरं जित्ती व्हती. त्या फुटक्या, रिकाम्या दिव्याभवती अजून फिरत व्हती.