वाघजाईच्या कापसातली अळी

"ही बघ, आणखी एक," म्हणत लवूनं बोंड उकललं. आत पांढऱ्या कापसाऐवजी काळपट चोथा होता आणि त्यात एक गुलाबी अळी निवांत लोळत होती.

"माहेरपणाला आलीय जशी," कमळा म्हणाली.

जनीला हसू आलं नाही. शिमग्याची सुट्टी लागल्यापासून ती, तिचा धाकटा भाऊ लवू आणि शेजारची कमळा रोज सकाळी वाघजाईच्या देवळामागं अळ्या वेचत होती. तिथं देवकापसाची झाडं होती. वेचलेली अळी घासलेटाच्या पाण्यात बुडवायची. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेवढ्याच हजर. ओंजळीनं समुद्र उपसावा, तशातली गत.

या कापसाच्या वाती देवीच्या नंदादीपाला लागत आणि त्या वळत जनीची आत्ते, गंगुबाई. नवरा गेल्यापासून तिचा सगळा जीव त्या वातींत होता. पण यंदा जवळजवळ सगळीच बोंडं किडली, तशी देवळाचा कारभार बघणाऱ्या भिकाजीकाकांनी चारचौघांत सांगून टाकलं, "गंगुबाईच्या हातून सोवळं मोडलं असणार. देवी रुसली. शिमग्याचा होम पेटेपर्यंत कीड हटली नाही, तर वातींची सेवा दुसरीकडे देऊ."

आत्तेनं वाद घातला नाही. घरी येऊन एवढंच म्हणाली, "मग मी सकाळी उठून करू काय?"

म्हणूनच तिघं रोज वेचायला येत होती.

"रोज नव्या अळ्या येतात कुठून?" लवूनं विचारलं.

"भिकाजीकाकांच्या डोक्यातून," कमळा म्हणाली.

शिमग्यानिमित्त देवळात हरिश्चंद्रबुवांची कीर्तनं चालली होती. जनी कधी चुकवायची नाही. झांजा वाजू लागल्या, बुवांनी एक हात कानाशी नेऊन अभंग उचलला, की अंगावर कसा काटा यायचा! त्या संध्याकाळी मात्र तिचं लक्ष समईकडे गेलं. ज्योतीभोवती बारीक, मातकट रंगाची पाखरं घिरट्या घालत होती. बुवांनी उपरण्यावरचं एक झटकलं आणि पुढचं चरण धरलं.

'पाऊस नाही, पाणी नाही, आणि पाखरं कुठली?' जनीनं मान वर केली. पाखरं दारातून येत नव्हती. सभामंडपाच्या माळ्यावरून खाली उतरत होती.

सकाळी तिघं शिडी लावून माळ्यावर चढली. वर टोपल्याच टोपल्या, आणि साऱ्या किडक्या बोंडांनी भरलेल्या. देवीच्या झाडाचं उकिरड्यावर टाकायचं नाही, ही वाडीची रीत. म्हणून भिकाजीकाका दरसाल किडकी बोंडं वेचून श्रद्धेनं वर नेऊन ठेवत. कमळानं एक टोपली हलवली मात्र, भुर्रकन पाखरं उठली. बोंडांच्या फटींत रेशमी कोष चिकटलेले होते.

"आपण खाली वेचतोय आणि इथं वर कारखाना चाललाय," लवू म्हणाला.

तिघं धावतच काकांकडे गेली. या अळ्यांचीच पाखरं होतात आणि ती झाडांवर अंडी घालतात, तेव्हा माळ्यावरची बोंडं जाळायला हवीत, असं जनीनं सांगितलं. काका ओटीवर पान जमवत होते.

"अळी वेगळी, पाखरू वेगळं," ते म्हणाले. "उद्या सांगशील, बेडूक आधी माशासारखा पोहत असतो."

"असतोच की, काका," लवू म्हणाला.

"गप रे. आणि काय गो जने, देवीचं बोंड जाळा म्हणतेस? तोंड धुवून ये आधी."

जनी समुद्राकडे उतरणाऱ्या घाटीच्या कठड्यावर जाऊन बसली. खाली मिरकरवाड्याच्या बंदराला मचवे लागत होते. खरं काय ते कळलं, आणि कळूनही हाती काही नाही. होम जवळ येत होता. आत्ते घरात उरल्यासुरल्या कापसाच्या वाती वळत होती, शेवटच्या असल्यासारख्या, सावकाश.

खाली एक खलाशी मचवा बांधत होता. त्याच्या हातातल्या गाठीकडे बघता बघता जनी उठली.

दुपारी ती माळ्यावरची बोंडं, पाखरं झटकून, काचेच्या बरणीत घालून काकांपुढे उभी राहिली. "काका, यात देवीची बोंडं आहेत. देवीपुढंच ठेवायचीत. तोंडाला फडकं बांधायचंय, पण आमची गाठ सुटते."

काकांची हयात मचव्यावर गेलेली. "सुटणारच," ते खुशीत म्हणाले. "आण इकडे." त्यांनी सुंभ असा आवळला, की मुंगीलाही वाट राहिली नाही.

बरणी गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी ठेवली गेली. एक दिवस गेला, दुसराही गेला. बरणीत काही हललं नाही.

"मेल्या असतील अळ्या आतल्या आत," कमळा पुटपुटली.

"मग आपणच खोटी," जनी म्हणाली. होम उद्यावर आला होता. देवीला काय मागावं, हेही तिला सुचेना.

त्या दिवशी शेवटचं कीर्तन होतं, ते दुपारीच लागलं. आख्यान ऐन रंगात आलं आणि बुवा मध्येच थांबले. झांजाही थांबल्या. बुवांची नजर बरणीवर होती. आत एक मातकट पाखरू काचेवर पंख आपटत होतं. फडक्याखाली दुसरं बसलं होतं.

"हे आत कसं गेलं?" बुवांनी विचारलं.

"गेलं नाही, बुवा. आतच झालं," जनी म्हणाली. मग तिनं माळ्यावरचं सगळं सांगितलं.

"पोरांनी सोडलं असेल आत," कुणीतरी म्हणालं.

भिकाजीकाका उठले. बरणी उचलून त्यांनी गाठ बोटांनी चाचपली. बराच वेळ चाचपली. "गाठ माझी आहे," ते म्हणाले. "ही कुणी सोडली नाही." मग जनीकडे वळून हळूच म्हणाले, "पण देवीचं जाळायचं कसं गो?"

"होम कुणाचा, काका?"

"देवीचाच," काका म्हणाले. आपणहून शिडी आणायला गेले.

दुसऱ्या दिवशी होम पेटला, तेव्हा माळ्यावरच्या सगळ्या टोपल्या त्यात पडल्या. झाडांवरची उरलेली बोंडंही खुडून टाकावी लागली. "मी जन्मभर लोकांना देव दाखवत फिरलो," बुवा सर्वांदेखत म्हणाले, "पण डोळे उघडून बघावं कसं, ते या पोरांनी दाखवलं." लोकांनी माना डोलावल्या. आत्ते मात्र बोडक्या झाडांकडे बघत राहिली होती. इतकी वर्षं जपलेल्या झाडांवर यंदा बोटभर कापूस नव्हता.

काका तिच्यापाशी आले. "मी बोललो ते चुकलं, गंगुबाई. बाजारातला कापूस आणून देतो. वळायच्या तूच."

संध्याकाळी आत्ते तो कापूस घेऊन बसली. "आखूड धाग्याचा मेला. सारखा तुटतो."

"पुढच्या साली अळी परत आली तर?" जनीनं विचारलं.

"आली तर वेचायची. आणि माळ्यावर न्यायची नाही." आत्तेनं तुटलेली वात पुन्हा मांडीवर घेतली. "हे असं बघायला शाळेत शिकवतात काय गो?"

"नाही."

"मग सुट्टी वाढवून द्यायला हवी तुम्हांला," आत्ते म्हणाली आणि तिनं जनीपुढे कापूस सरकवला.