अर्धं सोडायचं नाही

बसा रे जवळ. शंतनू, फोन ठेव खिशात आणि तेवढं लाकूड आत सरकव... हां. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगतो. पण मानवेल माझा जुना मित्र, आणि तो थापा मारणाऱ्यातला नाही. वसईचा माणूस. मी इथे शहरात, क्वेकर्स हिलला राहिलो, तो बायकोला घेऊन बाथर्स्टच्या पुढे एका खेड्यात गेला.

तिथे शेजारी क्लाइव्ह म्हणून म्हातारा. जन्मभर ससे धरले त्याने. त्याच्याकडे एक फेरेट होतं. स्पृहा, फेरेट म्हणजे मुंगसाचा गोरा चुलतभाऊ समज. बिळांच्या तोंडांवर जाळ्या लावायच्या, एका बिळातून फेरेट आत सोडायचं. ससे घाबरून बाहेर येतात आणि जाळीत अडकतात. लगेच मान मोडायची, एका झटक्यात. मग डोळ्याला बोट लावून बघायचं. पापणी हलली तर जीव बाकी आहे, पुन्हा मान. मग एका मागच्या पायाला चीर पाडायची, तिच्यातून दुसरा पाय ओवायचा, आणि ससा कुंपणाच्या तारेवर.

"नेव्हर लीव्ह इट हाफ-डन, मेट," असं क्लाइव्ह म्हणायचा. तोंडाचा फाटका, पण जनावराला तडफडू द्यायचा नाही.

मानवेल सगळं शिकला, एक सोडून. मेलेल्या डोळ्याला बोट लावणं त्याला जमेना. बापाचे डोळे त्यानेच मिटले होते, तो थंडपणा बोटातून गेला नव्हता. क्लाइव्ह होता तोवर ते काम क्लाइव्ह करायचा. मग २०२४च्या एप्रिलात क्लाइव्ह गेला. फेरेट मानवेलकडे आलं.

त्याच जूनची गोष्ट, म्हणजे इकडच्या ऐन हिवाळ्यातली. राजाच्या वाढदिवसाचा लाँग वीकेंड, शनिवार, आठ तारीख. अमावास्या नुकतीच सरलेली, चंद्राची कोर अंधार पडता पडता बुडाली. एका शेतकऱ्याने सांगितलं होतं, ओढ्याचा काठ सशांनी पोखरलाय, बघ जरा. मानवेल आर्व्होला, म्हणजे दुपार कलल्यावर, एकटाच गेला. ससे भराभर मिळाले. मान मोडायची की पोत्यात. डोळ्यांना बोट नाही लावलं एकदाही.

शेवटी फेरेट आत गेलं ते येईना. ते सापडावं म्हणून गळ्यात पट्टा असतो, त्याचा बीप काठाच्या आतून येत होता. मानवेल फावड्याने खणत आत शिरला. माती भुसभुशीत. वरचा काठ खाली आला.

छातीपर्यंत गाडला गेला बिचारा. दोन्ही हात आत. गमबुटांतले पाय हलेनात. फोन गाडीत. ओरडायला श्वास घ्यावा, तर माती आणखी आवळायची. थोड्या वेळाने आवाजच निघेना. थंडी अशी की दव गोठायला लागलं. वेंडी, त्याची बायको, रात्री कामावर होती. सकाळपर्यंत कोणी शोधायला येणार नव्हतं. मानवेल रडला. मला स्वतः सांगितलं त्याने.

मग फेरेट आपणहून बाहेर आलं. त्याच्या खांद्यावर बसलं. आणि एकदम कान टवकारून, कुकुकू करत, कुंपणाकडे पळालं. मालक दिसल्यावर पळायचं तसं.

तिकडे कोणीच नव्हतं.

तंबाखूचा वास आला. क्लाइव्ह हाताने वळायचा, त्या सिगरेटचा.

पोत्यात काहीतरी हललं. एक ससा जिवंत होता... अर्धा. लाथा मारत होता.

कट्.

शांत.

मग पावलं. सावकाश. मानवेलच्या दिशेने.

मानवेल कण्हत होता, तो थांबला. त्याला कळलं होतं. अर्धं राहिलेलं काम संपवत कोण येतंय. आणि आता काय राहिलंय.

मागे कोणीतरी गुडघ्यावर बसलं. मानेवर हात आला. खरखरीत. गार.

मग डोळ्याकडे बोट.

शंतनू, लाव बरं स्वतःच्या डोळ्याला बोट. बघ. जमतं का? पापणी मिटतेच ना!

त्याची हलली असती तर...

बोट टेकलं. बुबुळावर. डोळ्यात रेती. 'वेंडी, वेंडी,' एवढंच मनात. पापणी ओढत होती. त्याने धरून ठेवली.

बोट तिथेच.

अजून तिथेच...

"डन, मेट."

हात उठला. पुढचं त्याला आठवत नाही.

वेंडी कामावरून घरी आली, तर हा नाही. शेतकऱ्याला घेऊन ती काठावर पोचली. हा गारठलेला, पण जिवंत. दोघांनी उकरून काढला. पाय बाहेर आले ते अनवाणी. बूट मातीत राहिले असतील म्हणून शेतकऱ्याने तळापर्यंत खणलं. नव्हते.

वेंडीने कुंपणाकडे बघितलं.

तारेवर ससे टांगलेले. सगळे, ओळीने. आणि ओळीच्या शेवटी मानवेलचे गमबूट. एकाला चीर पाडलेली, तिच्यातून दुसरा ओवलेला.