उलटा खांब

मेढ्याच्या वरच्या डोंगरात वनसंशोधन केंद्राची लाकडी इमारत उभी राहत होती आणि तिची अट मोठी नखरेल होती. त्याच उतारावर वाऱ्यापावसात आडव्या झालेल्या झाडांचंच लाकूड वापरायचं, बाहेरची एक फळीसुद्धा आणायची नाही. ठेकेदार उदयसिंह लष्करातून सुटून आलेला, असल्या अटींनी तो डगमगणारा नव्हता. शिवाय त्याची बायको क्रांती इथंच संशोधक म्हणून राहणार होती. त्यामुळे स्वारी स्वतःचं घर बांधावं तशी हौसेनं बांधत होती.

क्रांतीला सातवा लागला होता. आधी दोनदा गर्भ राहून गेला होता. या वेळी उदयसिंह तिला पाण्याची कळशीही उचलू देत नसे.

घोटाळा झाला तो मधल्या खोलीच्या खांबाचा. जाडजूड असा बिबळ्याच्या झाडाचा एकच सोट उरला होता आणि त्याच्या बुडख्याला चीर गेलेली. बुडखा खाली ठेवला तर चीर सगळ्यांच्या डोळ्यांवर येणार. उलटा उभा केला तर ती छतात झाकली जात होती. आता झाड जसं उगवलं तसाच खांब उभा करायचा, बुडखा खाली, शेंडा वर, हे आपल्याकडे शेरडं राखणाऱ्यालाही ठाऊक. उलट्या खांबाचं घर उलटं चालतं म्हणतात.

"आवं, नगं साहेब," अजमल मिस्त्री म्हणाला. "आमच्यातबी असं करत न्हाईत."

"उद्घाटन तोंडावर आलंय, गड्या. कोण बघतंय?"

अजमलनं मान हलवली, पण खांब उभा केला. त्यालाही ईदेला लोणंदला पोचायचं होतं.

काही दिवसांनी छताजवळ लाल रस दिसायला लागला. बिबळ्याचा रस लालच असतो, म्हणून उदयसिंहनं तो फडक्यानं पुसून टाकला. मग त्याच्या ध्यानात आलं, झाड पडून दोन पावसाळे उलटले होते. वाळल्या लाकडाला रस कुठला? आणि तो खाली ओघळतही नव्हता. खांबावरून तुळईवर चढत होता.

क्रांतीला मात्र तो खांब फार आवडायचा. दुपारची ती त्याला पाठ लावून बसायची.

"लय गार वाटतं हितं," ती म्हणायची. "बाळबी गप ऱ्हातंय."

पुढच्या तपासणीला साताऱ्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की डोकं खाली आलेलं बाळ पुन्हा उलटलंय. "होतं असं. फिरेल परत," त्या सहज म्हणाल्या. उदयसिंहला मात्र उलटा खांब आठवला. परतल्याबरोबर त्यानं अजमलला गाठलं.

"टेकू लावून खांब सुलटा करतो की," अजमल म्हणाला. "पर उद्घाटन पुढं ढकलावं लागंल."

निमंत्रणं गेली होती. मांडव पडला होता.

"उद्घाटन झाल्यावर बघू," उदयसिंह म्हणाला.

उद्घाटन थाटात झालं. पाहुण्यांनी त्याच खांबावर हात फिरवून कौतुक केलं. त्याच दुपारी, दिवस भरायच्या आधीच, क्रांतीला कळा सुरू झाल्या.

साताऱ्याच्या दवाखान्यात मुलगा झाला. पायाळू, पण धडधाकट. उदयसिंह पोरासारखा रडला.

छातीशी धरलं किंवा आडवं निजवलं की मात्र पोर काळंनिळं पडायचं. तपासून डॉक्टर थकले. सगळं ठीक होतं. शेवटी घाबरलेल्या क्रांतीनं पाय धरून त्याला उलटं केलं.

पोरानं श्वास घेतला.

उदयसिंह केंद्राकडे धावला. "काढ तो खांब. आत्ता."

अजमल शिडीवर चढला. वरच्या दोन फळ्या उचकटल्या. बुडख्यातून पांढरी कोवळी मुळं फुटून सगळ्या तुळयांना वेढून बसली होती.

त्यानं मुळांखाली करवत लावली. पहिल्याच ओढीला उदयसिंहचा फोन वाजला.

"अवं, कुठं हाय तुमी?" क्रांती किंचाळत होती. "पोराच्या घोट्यातनं रगत यायलंय!"

"थांब!" उदयसिंह ओरडला.

अजमलनं करवत काढली. फोनवर पोराचं रडणं थांबलं.

आता तिघं तिथंच राहतात. पाहुण्यांना केंद्र दाखवतात, मधली खोली सोडून. त्या खोलीत तुळईला मऊ लुगड्याची झोळी बांधलीय. तिच्यात फक्त पाय मावतात. दूध पाजायला क्रांती झोळीखाली जमिनीवर उताणी निजते.

पोर आता माणसं ओळखायला लागलंय. बाप दिसला की हसतं, उचलून घे म्हणून दोन्ही हात पसरतं. उदयसिंह गुडघे टेकून त्याच्या कपाळाला कपाळ लावतो आणि ते हात हळूच बाजूला करतो.