खोपीभोवतीची ज्वारी

एकटं पडलेलं मेंढरू आधी खूप ओरडतं. मग ओरडायचं सोडून देतं.

पुंजाजीच्या सारामाफीच्या अर्जावर तहसिलीतून एकच शब्द आला – नामंजूर.

कुरुंद्याच्या शिवारात पुंजाजीचा एक बरड तुकडा होता. तिथं कुसळंसुद्धा विचार करून उगवायची.

कांबळी विकत घ्यायला येणारा नांदेडचा धर्मसिंग नव्या माणसाला आधी विचारायचा, ‘तेरा की नां?’ त्याच्या पंजाबी बोलीत ‘नां’ म्हणजे नाव.

चांगुणेनं उभ्या जन्मात कुणाला ‘ना’ म्हटलं नव्हतं. लग्नात कुणी विचारलंच नव्हतं, आणि पटकीनं नवरा गेला तेव्हा विचारायचा प्रश्नच नव्हता.

तर अशी ही पुंजाजी धनगराची लेक, विशी ओलांडलेली, माहेरी परतलेली. पीक असो वा नसो, दिवसभर बापाच्या वावरातल्या खोपीत राखण करत बसायची. संध्याकाळी घरी जायची. मधल्या वेळात तिच्याशी बोलायला घुमणाऱ्या होल्यांशिवाय कुणी नव्हतं.

सत्तेचाळीसच्या चैत्रात एका दुपारी खोपीच्या दारात सावली पडली.

“बाई, पाणी द्या ना.”

काठी, लाल पागोटं, खांद्याला पाण्याचा भोपळा लटकवलेला. मागं बांधावर मेंढरांचा करडा-काळा लोंढा.

“भोपळा हाय की खांद्यावर,” चांगुणा म्हणाली.

“रिकामा हाय.”

तिनं तांब्या दिला. त्यानं वरून धार धरली, पण डोळे मिटले नाहीत. तिनं पदर सावरला… उगाच. पदर जागेवरच होता.

त्याचं नाव ज्ञानबा. कळप घेऊन तो कधी तेलंगणात, कधी कानडी मुलखात फिरायचा. पुंजाजीनं त्याला रानात मेंढरं बसवायला बोलावलं होतं. रातभर मेंढरं बसली की जमिनीला खत मिळतं, आणि धनगराला रातीमागं ठरलेली ज्वारी. पुंजाजीचा स्वतःचा कळप रोगानं गेला होता. म्हणून धनगराच्याच वावरात धनगराला बोलावणं आलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला.

“द्या ना पाणी.”

“तुमच्या तोंडात सारखं ना-ना काहून असतं?”

“लई मुलूख फिरलो ना!” तो हसला. “हिंदीत ‘ना’ म्हणजे नको. तुमी-आमी म्हणतो ‘ये ना’, तवा तेच बोलावणं होतं. कानडीत ‘ना’ म्हणजे मी. अन् तेलुगूत…”

“तेलुगूत?”

“माझं. ना गोर्रेलु – माझी मेंढरं. ना कर्रा – माझी काठी. ना…”

तो तिच्याकडं बघत थांबला.

“पुढं?”

“पुढं रिकामं हाय.”

“भोपळ्यावानी?”

“व्हय. भोपळ्यावानीच.”

चांगुणा हसली. किती दिवसांनी हसली ते तिलाच आठवेना.

“एका शब्दाचे येवढे अर्थ कसे हो?”

“एक शब्द न्हाईच तो. बिदरकडं एका मास्तराच्या वावरात बसलो होतो, त्यानं सांगितलं. आपला नकाराचा ‘ना’ अन् तहसिलीतल्या ‘नामंजूर’मधला फारशी ‘ना’, हे लांबचे भाऊ. तेलुगू-कानडीतले दुसऱ्याच घरचे. धर्मसिंगचा ‘नां’ म्हणजे ‘नाम’ झिजून उरलेला तुकडा. तोंडावळा तेवढा सारखा, गाव येगयेगळं.”

“मंग भेटले कुठं?”

“माझ्या तोंडात.”

असे दिवस गेले. ज्ञानबा जाळीचं कुंपण रोज थोडं पुढं सरकवायचा, रान टप्प्याटप्प्यानं खताखाली यायचं. शेवटी शेवटी मात्र सकाळी चांगुणा वावरात यावी तर खोपीच्या भोवतीच लेंड्यांचा सडा! तिनं खराटा उचलला.

“दारातच बसवता व्हय मेंढरं? दुसरीकडं जागा मेली का?”

“मेंढरांची मर्जी.”

“अन् काल? परवा?”

“तवाबी त्यांचीच मर्जी. झाडू नका ना… राहू द्या.”

तिनं खराटा ठेवला. का ठेवला, ते तिला सांगता आलं नसतं.

मृगाच्या आधी त्याला घराकडं निघायचं होतं. जायच्या दिवशी तो म्हणाला, “तुझा बा हट्टा गावच्या उत्तमरावाशी तुझा पाट लावून राहिला म्हणं.”

पहिल्यांदाच त्यानं तिला ‘तू’ म्हटलं.

“व्हय. दोन लेकरांचा बाप हाय. आईवाचून हायेत.”

“तुझ्या मनात हाय?”

चांगुणेनं पायाजवळचं ढेकूळ उचलून बोटांनी फोडलं.

“येवढ्या मुलखातनं ‘ना’ गोळा करून दिले,” ज्ञानबा हळूच म्हणाला, “त्यातला एक तरी वापर ना.”

“अन् तुमी? तुमच्या मनात?”

“ते मी सांगून ठेवलंय. ज्वारी वाढू दे.”

मेंढरांच्या घंटा वाजत वाजत लांब गेल्या. मग वाजल्या की नाही, तेच कळेना.

पाऊस पडला. पेरणी झाली. खोप तशीच, होले तसेच… पण आता होल्यांचा आवाज तिला पुरेना. ती एकटीच मोठ्यानं म्हणून बघायची – ना. ना गोर्रेलु. ना कर्रा. ना… पुढचं रिकामं वावरभर पसरायचं.

ज्वारी पोटरीत आली आणि उत्तमराव शेतावर आला. पुंजाजीबरोबर बांधावर बसून त्यानं तंबाखू चोळली.

“पोरीला इचारलं का?”

“तिला काय इचारायचं? गरीब हाय. ना म्हणायची न्हाई.”

“ना,” ज्वारीतून आवाज आला.

पुंजाजीनं मान वर केली. “काय?”

“ना म्हणले, बा. मला हट्ट्याला न्हाई जायचं.”

पुंजाजी तरातरा उठला, ज्वारीत घुसला, खोपीशी आला आणि थबकला. सगळ्या वावरात ज्वारी छातीला लागत होती. खोपीभोवती मात्र ती डोक्याच्या वर गेली होती, काळीभोर, पानं चार बोटं रुंद. बाहेरून खोप दिसतच नव्हती. त्या हिरव्या आडोशात त्याची लेक उभी होती. मान वर होती.

“हितं मेंढरं किती राती बसली?”

“मला काय ठावं?”

“त्यानं सांगितल्या तेवढ्या रातींची ज्वारी म्या दिली. ह्या हितल्या राती त्यात न्हाईत.” पुंजाजीनं ज्वारीचं एक ताट हातात धरलं, बोटानं जाडी बघितली. “चांगुणे, मी जन्मभर मेंढरं राखली. धनगर एक रात फुकट बसवत न्हाई. सख्ख्या भावाच्या वावरातबी न्हाई.”



त्यानं ताट सोडलं. मग बाहेर जाऊन उत्तमरावाला म्हणाला, “चहा पिऊन जा, पाव्हणं. बाकी काय जमायचं न्हाई.”

पण पुढच्या फाल्गुनात ज्ञानबाचा कळप आला नाही. चैत्रातही नाही. रस्त्यांवर निजामाचे रझाकार फिरत होते, माणसं रातोरात पैनगंगेपल्याड जात होती. मेंढरं घेऊन कोण येणार? पुंजाजी आता संध्याकाळी लेकीला न्यायला स्वतः वावरात यायचा. त्या साली खोपीभोवती ज्वारी इतर रानाएवढीच झाली. चांगुणेनं ती कापली तेव्हा खोप पुन्हा उघडी पडली, आणि लांबच्या वाटेवर काहीच नव्हतं.

निजामी गेली होती. मार्गशीर्षात एका सकाळी बांधावर घंटा वाजली. कळप निम्मा राहिला होता. पागोटं तेच होतं, खाली माणूस वाळलेला.

“पाणी… द्या ना.”

चांगुणेनं तांब्या भरला, पण हातात धरून ठेवला.

“आधी ते रिकामं भरा. ना गोर्रेलु, ना कर्रा, ना…?”

“ना चांगुणा,” ज्ञानबा म्हणाला.

पहिल्या दिवशी त्यानं पाणी मागितलं तेव्हा त्याचा भोपळा गळ्यापर्यंत भरलेला होता.