एक खुंटी बाकी

"हात लावायचा नाही! पाटी वाचता येत नाही का?"

ग्विलिमशी माझं पहिलं बोलणं हे असं झालं. मार्चमधला गुरुवार, बाहेर पिरपिर, आणि हॅझलकोटच्या जिन्याशी एक उंच मुलगा खांबावर दोन्ही तळवे टेकून, डोळे मिटून उभा! चारशे वर्षांचं हे घर, आता लोकांना पाहायला खुलं. खालचा मजला दगडी, वर ओकचा सांगाडा आणि त्यात मातीच्या भिंती. बाबा तिथले राखणदार. मी तिकिटं फाडते, चहाच्या खिडकीत स्कोन, म्हणजे छोटे गोड पाव, विकते आणि पाहुण्यांवर ओरडते.

"वाचता येते," त्यानं डोळे न उघडताच म्हटलं. "पण हात न लावता दुरुस्ती कशी करू?"

तो सुतार होता. वेल्समधून आलेला. खांबाचा पाय कुजला होता, तो बदलायला. मी इतकी ओशाळले की त्याला फुकट स्कोन दिला.

मग सहा आठवडे तो रोज केसांत भुसा घेऊन खिडकीशी यायचा.

"नेल, तुझा स्कोन माझ्या ओकपेक्षा टणक आहे."

"मग ओक खा."

"खाल्ला असता... पण ओक चहा देत नाही ना."

एकदा त्यानं माझं बोट धरून जुन्या तुळईवरच्या कुऱ्हाडीच्या खुणांवरून फिरवलं. खुणा संपल्या, तरी बोट सुटलं नाही.

शेवटच्या दिवशी त्यानं सांध्यात पाच लाकडी खुंट्या ठोकल्या... आणि बोट-बोटभर बाहेर ठेवल्या.

"हे काय, अर्धवट?"

"ओला ओक सुकताना आकसतो. वर्षानं खुंट्या पुन्हा आत ठोकाव्या लागतात." तो हत्यारं पुसत राहिला. "मी येईन."

"आणि नाही आलास तर?"

"लोकांच्या बाह्या अडकतील."

तो हसला. मला हसू आलं नाही.

वर्षभर मी त्या खुंट्या पुसल्या. रोज. फाटकाशी गाडी वाजली की उगाच बाहेर डोकवायचे. त्याचं एकच पोस्टकार्ड आलं — "खुंट्या कशा आहेत?" मी कशी आहे, हे नाहीच. मीही मानी, उत्तर लिहिलं, "बऱ्या आहेत." आणि ते टपालपेटीत टाकून घरी येईपर्यंत रडले.

पुन्हा मार्च आला. एका बाईंचं लोकरी जाकीट खुंटीला अडकून उसवलं, आणि बाबा हातोडा घेऊनच आले.

"बाबा, ते सुतारानंच करायचं असतं!"

"अगं, पाच मिनिटांचं काम. त्याला वेल्सहून माणूस कशाला? त्या पोरालाही ठाऊक असणार की."

ठाऊक होतं? त्याला ठाऊक होतं...

चार खुंट्या आत गेल्या. पाचवीला मी पाठ लावून उभी राहिले.

"नेल, सरक."

"नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते हातोडा घेऊन गेले. मी पोस्टकार्ड लिहिलं — "एक राहिली आहे. ये."

तो पुढच्या गुरुवारीच आला, नखशिखांत भिजून.

"एका खुंटीसाठी तीन तास गाडी चालवली, बाईसाहेब."

"बाबा म्हणतात, पाच मिनिटांचं काम होतं."

त्याचे कान लाल झाले. "तीन मिनिटांचं..."

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तू म्हणाली असतीस, मग कशाला येतोस? आणि खरं उत्तर द्यायची हिंमत नव्हती."

"आता आहे?"

"तुझ्यासाठी येतो, नेल. खुंटी गेली खड्ड्यात." आणि घाबरून त्यानं हातोडा उचलला.

मी त्याचं मनगट धरलं. "ठोकलीस की काम संपेल. नको ठोकूस. काम असो नसो... मला तू इथं हवा आहेस."

त्यानं हातोडा खाली ठेवला. ओला कोट काढला आणि त्या खुंटीला अडकवला.